सामायिक डिस्क आणि मावशीचा टँकर

अन्याय माझ्या मावशीवर झाला. सख्ख्या मावशीवर, लातूरच्या कडेच्या वस्तीत राहणाऱ्या. कधी झाला तेही सांगतो, मोघम बोलायची मला सवय नाही. दुष्काळाच्या वर्षी, जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी पावणेअकरा वाजता. त्या वेळी पाण्याचा टँकर तिच्या गल्लीच्या तोंडाशी आला, ड्रायव्हरनं मोबाईलवरचा मेसेज वाचला आणि टँकर वळवून तो निघाला. गल्लीत निळ्या पताका अजून उतरवलेल्या नव्हत्या. त्यांच्याखाली टिपाडं, कळश्या, बादल्या रांगेत लागल्या होत्या. रांगेत पहिलं टिपाड मावशीचं, कारण तिच्या घरात तिची लेक बाळंतीण होती आणि बाळ पंधरवड्याचंही झालं नव्हतं.

"तुमच्या गल्लीला कालच पाणी पोचलंय, मावशी," ड्रायव्हर म्हणाला. "इथं लिहून आलंय."

"कुठं पोचलंय? माह्या टिपाडात डोकून बघ. पाल फिरून राहिली आत."

"मी काय करू? केंद्राचा हुकूम हाय."

आता तुम्ही म्हणाल, आलं, दिल्लीवर घसरणार हा. पत्रकं लिहून लिहून माझा हात तिकडंच वळतो हे खरं. पण हे केंद्र दिल्लीचं नव्हतं. नव्या जिल्ह्यासाठी भांडणाऱ्या आमच्याच कृती समितीचं ते पाणी केंद्र होतं. ड्रायव्हरला मेसेज आमच्याच सर्व्हरवरून गेला होता, आणि तो सर्व्हर मी जोडला होता.

मावशीचा फोन आला तेव्हा मी नांदेडात चहा पीत होतो.

"का रे इंजिनेर," ती म्हणाली, "तुझ्या कंपुटरला म्हणावं, एक दिवस इथं येऊन लेकराचे लंगोट धू. कशानं धुतो ते मलाबी बघू दे."

"मावशी, काय झालं ते—"

"मी गल्लीला सांगून बसले, माह्या बहिणीच्या पोराचं केंद्र हाय, पाणी हमखास येतंय. आता बाया मला पाहून हासून राहिल्या. आज पाणी गेलं. आता तुमच्या नेमानं आमची पाळी आठवड्यानं. तवर बाळाला कशानं न्हाऊ घालू, तुझ्या पत्रकानं?"

फोन बंद. चहा थंड.

आता मागचं सांगतो, म्हणजे कुणाला किती शिव्या द्यायच्या ते तुम्हाला ठरवता येईल.

आमची मागणी साधी होती. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांच्या कडेचे तालुके तोडून नवा जिल्हा करा. कडेच्या माणसाला एका दाखल्यासाठी दिवस मोडून जिल्ह्याला जावं लागतं, साहेब रजेवर असला की दुसरा दिवस मोडतो. मागणी रास्त होती आणि आहे. अडचण एकच. मुख्यालय कुठं? नांदेडकडच्या लोकांना ते त्यांच्या गावात पाहिजे, लातूरकडच्यांना त्यांच्या. म्हणून समितीला अध्यक्ष दोन. नांदेडकडचे वकीलसाहेब. काळा कोट उन्हाळ्यातही काढत नसत. आणि लातूरकडचे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, घरची शेती. व्यासपीठावर खुर्च्या दोन, एकाच उंचीच्या. हार दोन, एकाच जाडीचे. आमचं पत्रक छापायला गेलं की अर्ध्या गठ्ठ्यावर 'नांदेड-लातूर' छापायचं आणि अर्ध्यावर 'लातूर-नांदेड'. मजकूर तोच. वाटताना चुकून गठ्ठा बदलला की फोन सुरू. हे मी थट्टेनं सांगत नाही. ही पत्रकं मीच लिहायचो, मीच छापून आणायचो, आणि गठ्ठेही मीच वेगळे बांधायचो.

तो दुष्काळ पडला तेव्हा आंदोलन बाजूला ठेवलं. लातूरला पाणी रेल्वेनं आणायची वेळ आली होती, तिथं जिल्हा कुठला मागता? दोन भल्या माणसांनी आपल्या बोअरचं पाणी दिलं, दोघांनी टँकर दिले. कुठल्या वस्तीला कधी पाणी न्यायचं ह्याची नोंद ठेवायला नांदेडला एका शिकवणीवाल्या सरांच्या रिकाम्या वर्गात केंद्र उघडलं. लोकांनी फोन करायचा, आमच्या पोरींनी नोंद घ्यायची, नंबर लागेल तसा टँकर. नोंद घेणाऱ्या पोरींची म्होरकी एक ताई होती. नर्सिंग शिकत होती, आवाज असा की पलीकडच्याला फोनची गरज लागू नये.

नोंदी ठेवायला सर्व्हर पाहिजे. एक पुरला असता. पण नांदेडकडच्यांनी एक मशीन दिली म्हटल्यावर लातूरकडचे गप्प बसतील? दोन दिवसांत दुसरी आली. मी म्हटलं, चांगलंच आहे, एक बंद पडली तर दुसरी काम उचलील. मशीनींना नंबर देताना 'एक' कुणाला ह्यावर संध्याकाळ गेली. शेवटी नद्यांची नावं दिली. नांदेडची ती गोदावरी, लातूरची ती मांजरा.

"दोन्ही कोरड्याच हायत," ताई म्हणाली. "नावं शोभून दिसतेत."

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. गोदावरीवर घेतलेली नोंद मांजरेवर दिसेना, कारण दोघींच्या पोटात आपापली डिस्क. सकाळी ज्या बाईचं नाव लिहिलं तीच दुपारी दुसऱ्या टेबलाला लागली की पोरगी म्हणायची, तुमचं नाव न्हाई. बाई म्हणायची, सकाळी काय भूत बोललं का? ताई दोन्ही टेबलांच्या मधे उभी राहून ओरडून विचारायची, "अमक्या वस्तीचं हाय का गं तिकडं?" म्हणजे दोन सर्व्हर असून काम ताईच्या गळ्यावर चाललेलं.

उपाय मला ठाऊक होता. डिस्क मशीनींच्या बाहेर काढायची. एकच मोठी डिस्क, दोन्ही मशीनी तिलाच जोडलेल्या, दोघींनी तिच्यावरच लिहायचं. सामायिक डिस्क. हा शब्द मी मुद्दाम वापरला. सामायिक विहीर, सामायिक बांध, सातबारा पाहिलेल्या प्रत्येकाला तो कळतो, आणि ऐकताक्षणी कोर्टाची तारीखही आठवते.

पुण्यातल्या मित्राच्या कंपनीनं असा डिस्कचा डबा भंगारात काढला होता. तो मी एसटीनं आणला. मांडीवर मावेना, म्हणून शेजारच्या सीटचं तिकीट काढलं. कंडक्टरनं दोनदा टकटक करून पाहिलं.

"काय हाय ह्याच्यात?"

"डिस्क हाय. सगळ्या गावांची नोंद ठेवायला."

"पेटीच हाय म्हणा की. मग कुलूप कुठंय?"

तेव्हा मी हसलो. पुढं कळलं की कंडक्टरनं पहिल्या झटक्यात जे विचारलं ते आमच्या समितीनं कधीच विचारलं नाही.

जोडणी दोन दिवस चालली. त्या खोलीत कूलर होता, पण त्यात पाणी कोण घालणार? पाण्याच्या केंद्रात कूलरला पाणी घातलेलं कुणी पाहिलं असतं तर दगडच आले असते. मग दोन टेबलफॅन मशीनींच्या तोंडावर लावले आणि आम्ही घामानं निथळत बसलो. वकीलसाहेबांच्या सासुरवाडीहून, अर्धापूरहून, केळी आली होती. त्या साली अर्धापूरचं केळंही बोटाएवढं. एका घासात एक जायचं. डब्यातून दोन वायरी काढल्या, एक गोदावरीला, एक मांजरेला. मग मधे एक बारकी वेगळी लाईन टाकली, तिला छोटी डबी. ह्या लाईनीवरून मशीनी सारख्या एकमेकींना सांगतात, मी हाय, मी हाय. लिहायच्या आधी एकमेकींना विचारतात, मी लिहू का? तू थांबली का? म्हणजे पाण्याची पाळीच.

पहिली नोंद ताईनं गोदावरीवर केली. गुरुजी मांजरेसमोर चष्मा पुसून बसले होते.

"आली!" ते ओरडले. "नांदेडात लिहिलं आन् लातुरात दिसलं!"

"गुरुजी, दोन्ही मशीनी एकाच खोलीत हायत."

"आसू दे की. सुरुवात तर झाली."

खरं सांगतो, लई भारी वाटलं. वकीलसाहेबांनी कोटाच्या खिशातून पेढे काढले, उन्हानं पातळ झालेले.

इथंच थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण एक काम राहिलं होतं. त्याला फेन्सिंग म्हणतात. ते काय आहे हे समजावायला मी दोन्ही अध्यक्षांना समोर बसवलं.

"समजा, सामायिक विहीर हाय," मी म्हटलं. "दोघांच्या दोन मोटारी. एकमेकाला हाळी देऊन पाळी चालती. एक दिवस पलीकडून हाळी यायची बंद झाली. आता पलीकडचा मेला का नुसताच ऐकू येईना, तुम्हाला कसं कळावं?"

"जाऊन बघावं," गुरुजी म्हणाले.

"मशीनीला पाय न्हाईत. ती समजती, दुसरी मेली, आता सगळी विहीर माझी. आन् दुसरीबी तेच समजती. दोघीबी एकदम मोटार चालू करतेत. विहिरीचं ठीक हाय, पाणी उपसलं जाईल. डिस्कवर दोघी एकाच जागी लिहितेत, एकीचं दुसरीवर. सगळ्याचा चिखल. म्हणून नियम आसा, की हाळी बंद झाली की आधी दुसरीची लाईट तोडायची, मग लिहायचं. दोघींनाबी हा अधिकार पायजे."

वकीलसाहेब खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे मांजरेनं गोदावरीची लाईट तोडायची?"

"हाव. आन् गोदावरीनं मांजरेची. जी आधी पोचेल ती."

"लेकरा," गुरुजी म्हणाले, "आपण समिती काढली ती जोडायला का तोडायला?"

"गुरुजी, ही मशीन हाय. तिला मानपान न्हाई."

"मशीन कुणाची हाय?" वकीलसाहेबांनी विचारलं. "माणसाची. मग मान माणसाचाच गेला न्हाई का? उद्या पेपरात येईल, लातूरनं नांदेडची लाईट तोडली. इज्जतीचा फालुदा."

गुरुजींनी मान हलवली. वर्षभरात ह्या दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. गुरुजींची विहीर चुलतभावांत सामायिक, त्याची केस कोर्टात, आणि चुलतभावांचे वकील हेच वकीलसाहेब. अशी दोन माणसं त्या दिवशी एका आवाजात बोलली. तिथंच ठराव झाला: कोणतीही मशीन कोणत्याही परिस्थितीत दुसरीचा वीजपुरवठा तोडणार नाही, दोघींचे हक्क समान राहतील. सूचक गुरुजी, अनुमोदक वकीलसाहेब. टाळ्या. पेढे पुन्हा फिरले.

मी तसं जोडलं. चालू करताना सॉफ्टवेअरनं पडद्यावर लाल अक्षरात बजावलं, फेन्सिंग बंद आहे, ह्या जोडणीचा भरवसा धरू नका. मी गुरुजींना बोलावून दाखवलं.

"इंग्रजीत हाय हे," ते म्हणाले. "ठराव मराठीत झालाय."

आता बोला.

आणि चाललं की हो! पुढं कितीतरी दिवस नोंद इकडं घेतली तर तिकडं दिसत होती, टँकर नंबरानं जात होते, ताईचा घसा बरा झाला. जो तो मला म्हणायचा, तू उगंच भीती घालून राहिलास. मलाही वाटायला लागलं, असेल बुवा, समान हक्कात काही तरी ताकद असेल.

मग जयंती आली. जयंतीच्या दिवशी एक्स्टेन्शन बोर्ड ही वस्तू कुणाच्या घरात राहत नाही. स्टेज, माईक, रोषणाई, सगळ्यांना बोर्ड पाहिजे. जो दिसला तो उचलायचा, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचा, हा रिवाज. मालकाला विचारायची गरज नसते, कारण मालकही दुसऱ्या कुणाचा तरी बोर्ड घेऊन गेलेला असतो. मी मिरवणुकीत नाचत होतो, त्यामुळं माझं डोकं जागेवर होतं असा दावा करत नाही. गुरुजी त्या दिवशी भाषणाला खास लातूरहून आले होते. ऐन भाषणाच्या वेळी माईकचा बोर्ड जळाला. वकीलसाहेब म्हणाले, केंद्रात एक पिवळ्या वायरीचा आहे. दोघं मिळून केंद्रात आले. मशीनी इन्व्हर्टरवर चालू, डबा चालू, सगळं व्यवस्थित. बोर्डाला नुसती एक बारकी डबी लावलेली.

"ही काय फार महत्त्वाची दिसंना," वकीलसाहेब म्हणाले.

"न्हाई, बारकीच हाय," गुरुजी म्हणाले, आणि बोर्ड दोघांनी दोन टोकांना धरून नेला. इथंही समान हक्क.

ती मशीनींची एकमेकींना 'मी हाय' म्हणायची डबी होती.

गोदावरीला वाटलं मांजरा मेली. मांजरेला वाटलं गोदावरी गेली. दोघींनी सगळ्या डिस्कवर ताबा सांगितला. अगदी आमच्या दोन गावांसारखं, मुख्यालय आमचंच. आणि टेबलावरच्या पोरींना पत्ता नाही, त्या बिचाऱ्या जयंतीच्या दिवशीही फोन घेत होत्या. मावशीच्या गल्लीची नोंद गोदावरीनं ठेवली होती. दुसऱ्या एका वस्तीला पाणी मिळालं म्हणून मांजरेनं 'पोचला' अशी खूण केली, ती जाऊन बसली मावशीच्या गल्लीवर. ड्रायव्हरनं सकाळी तेच वाचलं. त्याचा काय गुन्हा?

हे सगळं मला कळायला दुपार झाली. बोर्ड परत आला होता, डबी पुन्हा लागली होती, आणि डिस्क उघडून पाहिली तर वस्त्यांची नावं एकमेकांत मुरलेली. मी दोन्ही मशीनी बंद केल्या. दोन्ही अध्यक्षांना फोन केले, काय बोललो ते इथं छापता येणार नाही. ताईनं कोऱ्या कागदांचा गठ्ठा उघडला आणि पोरींना म्हणाली, "चला गं, सगळ्यांना पुन्हा फोन. पहिल्यापासून." त्या पोरींनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. त्यांच्या अभिनंदनाचा ठराव कुणी मांडला नाही, हेही इथं नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी समितीची तातडीची बैठक. दोन खुर्च्या, एका उंचीच्या. आणि बैठक सुरू व्हायच्या आधी दारात मावशी. सकाळच्या बसनं आली होती, काखेत रिकामी कळशी. कळशी तिनं दोन अध्यक्षांच्या मधे टेबलावर ठेवली. टण्ण.

"ही कोणाची?" वकीलसाहेब दचकले.

"तुमचा हार समजा," मावशी म्हणाली. "कुणाच्या गळ्यात घालायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. दोन आणायला पायजे हुत्या, पण मह्या घरात एकच हाय."

ताई तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाली.

गुरुजी उठून उभे राहिले. "बसा, बाई. झालं ते वाईट झालं. समिती दिलगीर हाय."

"दिलगिरीनं बाळ न्हातंय का? मह्या नातवाच्या अंगाला वास मारून राहिला. शेजारणीनं काल एक बादली दिली, ती लेकीला दिली. मला सांगा, मह्या गल्लीची पाळी कोणी खाल्ली?"

मी सांगितलं. डबी, बोर्ड, ठराव, सगळं. मावशीनं फक्त ठरावापर्यंत ऐकलं.

"म्हणजे हे दोघं," तिनं दोन्हीकडं बोट केलं, "एकमेकाचा मान जपता जपता मह्या लेकराचं पाणी पिऊन बसले?"

वकीलसाहेबांनी कळशी दोन बोटांनी गुरुजींकडं सरकवली, गुरुजींनी ती परत सरकवली.

मी संधी साधली. "ठराव रद्द करा. फेन्सिंग चालू करायचं."

"करा," वकीलसाहेब म्हणाले. "पण अधिकार गोदावरीला पायजे. एकीलाच. मग भांडण न्हाई."

"आन् मांजरा काय नुसती बघत बसल?" गुरुजी तडकले.

झालं, पुन्हा मुख्यालय. मावशी माझ्याकडं वळली. "हे रोज आसंच आसतं का रे?"

"रोज."

"मग जिल्हा होऊन राहिलाच म्हणायचा." ती वकीलसाहेबांकडं वळली. "साहेब, कोण कोणाची लाईट तोडतंय त्याचं मला कौतुक न्हाई. मव्हं पाणी तुटलं न्हाई पायजे. हे सांगा, मंग मी उठते. तवर ही कळशी हितंच."

मग मी तिसऱ्या साक्षीदाराची गोष्ट काढली. दोघींनाही सारखाच अधिकार ठेवायचा, पण मधे एक तिसरी, बारकी मशीन. हाळी बंद झाली की दोघींनी वेगळ्या वायरीनं तिच्याकडं धावायचं. ती जिला आधी हो म्हणेल तिनं दुसरीची लाईट तोडायची. कुणाची तुटेल हे आधी कुणालाच ठाऊक नसेल. तिसरीकडं नोंदी नाहीत, काम नाही, फक्त एक मत.

"साक्षीदार कुठला?" वकीलसाहेबांमधला वकील जागा झाला. "नांदेडचा आसल तर हे हरकत घेतील. लातूरचा आसल तर मी."

"इस्लापूरचा," ताई दारातून म्हणाली. तिचा मामा तिकडं शिक्षक, त्याचा जुना लॅपटॉप तिच्याकडंच पडून होता. "तिकडच्या लोकांना तुमचा जिल्हाच नको. त्यांना त्यांचाच येगळा पायजे. दोघांवर सारखाच राग."

वर्षभरात समितीनं इतक्या लवकर काही मंजूर केलेलं मी पाहिलं नाही. लॅपटॉपचं नाव सहस्रकुंड ठेवलं. त्या साली तो धबधबाही कोरडाच होता.

जोडणी त्याच दिवशी केली, मावशी कळशीसह समोर बसून. डबीला ह्या वेळी भिंतीतला स्वतंत्र सॉकेट दिला आणि वर लिहिलं, जयंतीलाही काढू नये. फेन्सिंग चालू केलं. लाल अक्षरं गेली. मग मी म्हटलं, आता वायर ओढून बघायची. सगळ्यांसमोर.

"ओढायची कशाला?" गुरुजी म्हणाले. "चालून राहिलं ना?"

"मागच्या येळी बी चालूनच राहिलं हुतं," मावशी म्हणाली आणि स्वतः पुढं झाली. "कोणती रे?"

मी दाखवली. तिनं ओढली.

दोन क्षण काही नाही. मग मांजरेचे दिवे गेले, पंखा घरघरत थांबला. वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते लपवायला त्यांनी कोटाची बटणं तपासली. गुरुजी मात्र असे बसले, जणू लातूर नकाशावरूनच गेलं. मी पडदा दाखवला. गोदावरीवर सगळ्या नोंदी जशाच्या तशा. ताईच्या पोरींनी फोन करून करून कागदावर उतरवलेल्या आणि पुन्हा डिस्कवर भरलेल्या, त्याच.

"पुन्हा," गुरुजी म्हणाले. "एकदाच का?"

वायर लावली, मांजरा उठली, दोघी पुन्हा मी हाय, मी हाय करू लागल्या. मावशीनं दुसऱ्यांदा ओढली. ह्या वेळी गोदावरी पडली. गुरुजी उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, मग लक्षात आल्यावर थांबले, आणि वकीलसाहेबच हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून. गुरुजीही हसले. तेव्हा मला कळलं की ह्या दोघांना हरायची भीती नव्हती. एकट्यानं हरायची होती.

मावशी हसली नाही. तिनं मांजरेवर आपली गल्ली शोधायला लावली, मग गोदावरी उठल्यावर तिच्यावरही. दोन्हीकडं एकच दिसलं: पाणी मिळालेलं नाही, पाळी पहिली.

"आता उठते," ती म्हणाली.

गुरुजींनी कळशी स्वतः उचलली आणि तिच्याबरोबर संध्याकाळच्या बसला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. ती काही बोललीच नाही. फोन तिनं टिपाडावर धरला होता, पाणी पडायचा आवाज येत होता, आणि मागं ते पोरगं असं रडत होतं जसं त्याला न्हाऊ घालणं हाच अन्याय आहे.

जिल्हा अजून झालेला नाही. मुख्यालयाचं भांडण चालू आहे, विहिरीची केस चालू आहे, पत्रकं अजून दोन गठ्ठ्यांत छापतो. पण सामायिक डिस्कवर त्यानंतर एकाही गल्लीचं पाणी हरवलं नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला माझी मागणी आहे, विनंती नाही. तुमच्या दवाखान्यात, पतसंस्थेत, बाजार समितीत, पंचायतीत दोन मशीनी एका डिस्कवर लिहीत असतील. आत्ता उठा आणि विचारा, फेन्सिंग चालू आहे का. "सगळं व्यवस्थित चालू आहे" हे उत्तर घेऊ नका. ज्यांच्या नोंदी तिथं आहेत त्यांच्यातल्या एखाद्या बाईला बोलवा, खुर्ची द्या, आणि तिच्या हातानं वायर ओढून बघा.